लवंगीच्या बियांची गोडी

भक्तहो, श्री मुक्तागिरी महाराज देवठाणच्या शिवालयात उतरले होते, तेव्हाची ही गोष्ट. गवराई नावाची एक विधवा रोज महाराजांना भाकरी आणून देई. तिच्यापाशी भक्तीखेरीज होते काय? एक खोपट आणि त्यामागचे हातभर परसू.

एके दिवशी भाकरीवरची लाल लवंगी मिरची महाराजांनी मोडली, तिचे बी गवराईच्या ओंजळीत घातले आणि म्हणाले, "माय, हे परसात लाव. गोड मिरच्या येतील. पहिले फळ आम्हाला दे." एवढे सांगून महाराज तीर्थयात्रेला निघून गेले.

गावचे इनामदार बळवंतराव तिथेच बसले होते. त्यांचा मळा पंचक्रोशीत नावाजलेला, आणि त्या मळ्याचे कौतुक त्यांच्याइतके कोणी करत नसे. लवंगीच्या बियांना गोड मिरच्या येणार म्हणून ते पोट धरून हसले. पुढे गवराई दिसली की विचारीत, "काय गं गवरे, मिरच्यांचा मोरावळा कधी घालतेस?"

गवराईने ते मनावर घेतले नाही. फुटक्या मडक्यात तिने बी पेरले, मडके चुलीच्या उबेला ठेवले आणि रोपे बोटभर झाल्यावर वाफ्यात लावली. झाडे लाल मिरच्यांनी लगडली, मिरच्या झाडावरच सुकू लागल्या, तरी महाराजांचा पत्ता नव्हता. तिने एकही मिरची चाखली नाही. पहिले फळ महाराजांचे! केवढी ही श्रद्धा!

अशात इनामदारांची चार वर्षांची नात कुमुद तापाने फणफणली. तीन दिवस ती पाण्याचा घोट घेईना. ताप येण्याच्या आदल्या दिवशी गवराईने तिच्या गालाला हात लावून "किती गोड पोर" म्हटले होते, हे कोणाला तरी आठवले. झाले! जिची नजर लागली तिच्याच मिरच्यांनी दृष्ट काढायचे ठरले. इनामदारांच्या गड्याने न विचारता सात मिरच्या तोडून नेल्या. तिन्हीसांजेला त्या पोरीवरून उतरवून निखाऱ्यात टाकल्या. मिरच्यांचा कोळसा झाला, पण कोणाला साधा ठसका लागला नाही. मिरची जळून ठसका नाही म्हणजे दृष्ट जबर, हे आपल्याकडे कोणीही सांगेल. इनामदारांनी गवराईला निरोप धाडला, उद्या सकाळी झाडे उपटू, आणि तूही गाव सोड.

गवराई वाफ्याशी बसून रडली. घर जाणार याचे दुःख होतेच, पण पहिले फळ गेले, आता महाराजांना काय देऊ, हे तिच्या जिवाला जास्त लागले.

सकाळी इनामदार माणसे घेऊन आले आणि पाहतात तो काय, वाफ्याच्या कडेला महाराज उभे! सारी हकीकत ऐकून महाराजांनी एक लालभडक मिरची तोडली आणि गवराईला घेऊन ते थेट कुमुदच्या अंथरुणाशी गेले. मिरची त्यांनी गवराईच्या हातात दिली. "माय, पोरीला खाऊ घाल."

इनामदार आडवे आले. "महाराज, लवंगी आहे ती. लेकरू आजारी आहे."

गवराईने हातातल्या मिरचीकडे पाहिले. बी कोणत्या मिरचीतून निघाले ते तिने डोळ्यांनी पाहिले होते. पण महाराजांचा शब्दही तिने कानांनी ऐकला होता. तिने डोळे मिटले आणि मिरची कुमुदच्या ओठांशी नेली.

कुमुदने तुकडा तोडला. चावला. पोरीने डोळे उघडले आणि म्हणाली, "अजून दे." मग तिने पाणी मागितले. आजीने कपाळाला हात लावला, तो ताप उतरलेला!

महाराज हसून म्हणाले, "इनामदार, काल सात मिरच्यांनी तुम्हाला सांगितले होते, आम्ही गोड आहोत. तुम्ही भलतेच ऐकलेत."

इनामदारांनी पागोटे काढले आणि ते महाराजांच्या पायांवर वाकले. महाराज बाजूला सरकले. "आमचे पहिले फळ लेकराच्या मुखी लागले, आम्हाला पोचले. नमस्कार तिकडे करा."

पंचक्रोशीत ज्यांच्या मळ्याचे नाव, ते बळवंतराव गवराईपुढे वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून म्हणाले, "गवराई, चिमूटभर बी द्याल का?"