वाकडं अंगण

गोष्ट जुनी, पण प्लास्टिकचं गवत निघालं होतं इतपत नवी. फणसाच्या सावलीतल्या एका अंगणात गवत उगवेना. म्हणून घरमालक त्र्यंबकरावांनी पाणसळ लावून जमीन सपाट केली, हिरवं प्लास्टिक अंथरलं, खळगा पाडला आणि ते गोल्फ खेळू लागले. चेंडू काही खळग्यात जाईना.

"अंगणच वाकडं," ते बायकोला म्हणाले.

अंगणाला हे फार झोंबलं. "फणसदादा, एक मूळ जरा वर उचल."

"अरे, मग तू खरंच वाकडं होशील."

"होऊ दे. नाचता न येणाऱ्यांनी मला आजवर फुकटच बदनाम केलंय."

फणसानं मूळ उचललं. अंगण कललं आणि चेंडू उतारावरून गडगडत थेट खळग्यात गेला. दुसराही गेला, तिसराही.

त्र्यंबकराव चक्क नाचायला लागले. "बघितलंस? आता कसं अंगण सरळ झालं."