पांढरं फडकं आणि नदीचा उतार

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, फार फार वर्षांपूर्वी दोन डोंगरांच्या मध्ये एक गाव होतं. गावासमोर खोल नदी होती आणि ती पायी ओलांडता येईल असा एकच उतार होता.

मागच्या डोंगरात एक टोळी राहायची. ती कधी समोर येऊन लढली नाही. पाण्याला निघालेल्या बायका, एकटा गुराखी, लग्नाचं वऱ्हाड, अशांवरच ती तुटून पडायची. लुटीपेक्षा तिला गावाची भीती हवी होती, आणि ती तिला भरपूर मिळत होती. त्या गावात कुणी दाराकडे पाठ करून जेवत नसे. पाचोळा वाजला तरी आया लेकरांच्या तोंडावर हात दाबत.

तीन वर्षं अशी गेली. मग टोळीने सात माणसं धरून नेली. त्यांत गावच्या पाटलाचा, रखमाजीचा, धाकटा भाऊ भिवाही होता. तेव्हा मात्र गाव एक झालं. टोळीचं धान्य आणि नवी माणसं नदीपलीकडून येतात हे त्यांनी हेरलं आणि उतारावर कडक पहारा बसवला.

महिन्याभराने एका सकाळी डोंगरावरून एक माणूस पांढरं फडकं हलवत खाली आला. त्याला पाहताच अर्ध्या गावाने दारं लावून घेतली.

"आमच्या म्होरक्याचा निरोप आहे," तो चावडीपुढे उभा राहून म्हणाला. "रक्त पुरे झालं. पुढच्या पौर्णिमेपर्यंत आम्ही हत्यार उचलणार नाही. तुम्ही उतारावरचा पहारा काढा."

लावलेली दारं हळूहळू उघडली. एक म्हातारा तर तिथेच रडायला लागला. "घ्या पाटील, पदरात घ्या," लोक म्हणू लागले. "चार दिवस तरी सुखाची झोप लागेल."

हिरूबाई कुंभारीण मागे उभी होती. तळ्यावर माती आणायला गेलेल्या तिच्या नवऱ्याला टोळीने मारलं होतं. ती आता याला हाकलून द्या म्हणणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"हाकलू नका त्याला," ती म्हणाली. "पण पहाराही काढू नका. तीन वर्षं आपण रडत होतो तेव्हा यांना रक्त पुरे झालं नाही. उतार अडला तेव्हा झालं. ते काय मागतात ते ऐकलंत, आता काय देतात तेही विचारा."

रखमाजीने विचारलं, "आमची सात माणसं सोडणार का?"

"ते पौर्णिमेनंतर बघू," असं म्हणून तो माणूस निघून गेला.

तिसऱ्या दिवशी भिवा एकटाच परत आला. रखमाजीने त्याला मिठी मारली. हाडं हाताला लागत होती. चावडीवर सगळ्यांसमोर भिवा म्हणाला, "ते बदललेत. त्यांना शांती हवी आहे. पहारा काढा." कुणी काहीही विचारलं, तरी तो तीच तीन वाक्यं त्याच क्रमाने बोलायचा.

रखमाजीला विश्वास ठेवायचा होता. भाऊ हाती आला होता, लोक आनंदाने ओरडत होते. पण ते पाठ केल्यासारखं बोलणं त्याला खटकलं. त्याने भिवाला घरात नेलं, दार लावलं आणि त्याच्यासमोर बसला. "भिवा, इथे फक्त मी आहे."

भिवा हळू आवाजात म्हणाला, "दादा, त्यांची कणगी रिकामी आहे. नदीपलीकडे पन्नास माणसं थांबली आहेत. पहारा निघाला की ती येतील आणि पौर्णिमेआधीच गाव जाळतील. मी असं बोललो नाही, तर सहाही जणांना मारणार आहेत."

 त्या सहाही घरांतल्या चुली रखमाजीला ठाऊक होत्या. पहारा ठेवला तर ती सहा माणसं जातील, काढला तर सगळं गाव.  शेवटी त्याने पहाऱ्यावरची माणसं दुप्पट केली आणि डोंगरात निरोप धाडला: "तह मान्य. आधी आमची सहा माणसं. ती मिळेपर्यंत उतार बंद."

पुढचे आठ दिवस डोंगरातून काही निरोप आला नाही. नवव्या दिवशी भर दुपारी, पहारा पेंगत असेल या आशेने, नदीपलीकडची ती पन्नास माणसं उतारात शिरली. पहारा जागा होता. गोफणींच्या माऱ्यापुढे ती पळाली. संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी धरलेल्यांपैकी एकाचं, जिवाप्पा सुताराचं प्रेत सापडलं. त्याच्या बायकोने रखमाजीकडे पाहिलं नाही. रखमाजीनेही तिच्यापुढे मान वर केली नाही.

आणखी पंधरा दिवसांनी डोंगरावरून पुन्हा माणसं उतरली. या वेळी फडकं नव्हतं, गोड बोलणंही नव्हतं. पुढे पाच कैदी मोकळ्या हातांनी चालत होते. मागे भुकेने वाळलेली टोळी होती. तिने भाले, कोयते चावडीपुढे टाकले.

"मारा यांना!" लोक ओरडले. "हाही डावच असेल!"

हिरूबाई पुढे आली. समोर उभ्या असलेल्यांत तिच्या नवऱ्याला मारणाराही असेल, हे तिला माहीत होतं. तरी ती म्हणाली, "पाटील, त्या दिवशी यांनी नुसते शब्द आणले होते. आज माणसं आणलीत, हत्यारं टाकलीत. हा तह खरा आहे. घ्या."

रखमाजीने तो तह घेतला. टोळीतली माणसं त्या मुलुखाच्या राजाच्या ताब्यात दिली गेली, आणि त्या गावावर पुन्हा कधी धाड पडली नाही. उतारावरचा पहारा मात्र गावाने पुढेही बरीच वर्षं ठेवला.

तात्पर्य: दहशत माजवणाऱ्या शत्रूचा तह त्याच्या शब्दांवरून नव्हे, तर त्यासाठी तो काय सोडतो त्यावरून ओळखावा.