वहीतला नवा रकाना

"इंदूनं तुम्हाला बोलावणं पाठवलंय, ते खरं का?"

नूरबाबा दर्ग्याच्या पायरीवर दोरी वळत बसले होते. त्यांनी मान हलवली.

"मग येऊ नका," त्र्यंबक सर म्हणाले.

सरांनी कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेलं. बायको इंदू अंथरुणाला खिळल्यावर या गृहस्थांनी काय करावं, तर तिच्या उशाशी बसायचं सोडून गावभर हिंडून आकडे गोळा केले. त्यांनी वही उघडली. दोन वर्षांत बाबा बावीस आजाऱ्यांजवळ जाऊन बसले होते. त्यातले एकोणीस जण आठवड्याच्या आत गेले.

"एवढा योगायोग नसतो, बाबा. तुम्ही गेलात की माणूस जातो."

बाबांना राग आला नाही. आजाऱ्याकडे गेल्यावर ते फार काही करत नसत. चमच्यानं पाणी पाजायचं आणि हात धरून बसायचं, एवढंच.

त्यांनी सरांचं पेन मागून घेतलं, नावांच्या पुढे एक उभी रेघ ओढली आणि पेन परत दिलं.

"इथं लिहा. माझ्या आधी कोण येऊन गेलं?"

गाव लहान, सरांना सगळ्यांचं माहीत होतं. ते भराभर लिहू लागले. पहिल्या नावापुढे डॉक्टर. दुसऱ्यापुढे डॉक्टर. डॉक्टर काय म्हणाले, तेही त्यांनी शिस्तीत लिहिलं. आता घरीच ठेवा. आता घरीच ठेवा...

सातव्या नावाशी त्यांचा हात मंदावला. तरी त्यांनी बाविसावी ओळ पुरी केली.

बाबांनी त्याखालच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुमच्याकडे कोण आलं होतं?"

"डॉक्टर. परवा."

"काय म्हणाले?"

सरांनी पेनाला टोपण लावलं. पुन्हा काढलं. ओळ कोरीच राहिली. ते बाबांच्या शेजारी पायरीवर बसले आणि रडू लागले. बाबांनी त्यांना रडू दिलं.

"तिच्याजवळ आता कोण आहे?" बऱ्याच वेळानं बाबांनी विचारलं.

"शेजारच्या वहिनी. मी... मी दोन दिवस हेच करत होतो."

बाबांनी दोरी बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि सरांना हात दिला.

"चला, मास्तर. तिला तहान लागली असेल."