गोणीचा वीरगळ

खिंडीच्या तोंडाशी हा वीरगळ आहे ना, तो जरा निरखून बघा. इतर गावांत अशा दगडावर वीराच्या मागे गाई कोरलेल्या असतात. गाई सोडवताना तो पडला, म्हणून. इथे गाई नाहीत. गोणी लादलेला एक बैल आहे. त्याची हकिकत अशी सांगतात.

फार पूर्वी डोंगरापलीकडचे लुटारू आमच्या आंबेवणीवर उतरत. गुरं नेत, माणसं कापत. गावातली मळाई नावाची विधवा गाऱ्हाणं घेऊन राजाकडे गेली. राजा म्हणाला, "फौज दूर गुंतली आहे, बाई. धीर धरा." पुढच्या वर्षीही तेच ऐकून ती परत आली.

मग बंदरावरून बैलांवर मिरीच्या गोणी लादून येणारा व्यापाऱ्यांचा तांडा याच खिंडीत लुटला गेला. राजाचा खजिना त्या मिरीच्या जकातीवर चाले. आठवडा उलटायच्या आत फौज हजर झाली म्हणे. सरदार चावडीपुढे म्हणाला, "तुमच्या लेकीबाळींसाठी आलोय. वाटा दाखवायला तुमची पोरं द्या." गावाने दिली. मळाईने आपला एकुलता सोमा स्वतः ओवाळून धाडला.

लढाई जिंकली. सोमा खिंडीत पडला. तिथे जकातीचं नाकं बसलं, पहारा बसला. गावाला वाटलं, आता सुटलो.

पावसाळा सरल्यावर लुटारू आडवाटेने पुन्हा गावात शिरले. मळाई धावत पहाऱ्यावर आली. खाली घरं जळताना दिसत होती. पहाऱ्याचा नाईक जागचा हलला नाही. "नाकं सोडायचा हुकूम नाही," तो मान खाली घालून म्हणाला.

पुढे राजाने सोमाचा वीरगळ घडवायला पाथरवट धाडला. त्याने रीतीप्रमाणे दगडावर गाई आखल्या. मळाईने त्याचा हात धरला.

"गाई पूस, दादा."

"मग काय कोरू, आई?"

"ज्याच्यासाठी मेला, ते."

पाथरवटाने आखलेल्या गाई पुसल्या. मग त्याने छिन्नी उचलली.

काम झाल्यावर सरदार बघायला आला. तो चिडेल, दगड फोडायला लावेल, असं गावाला वाटलं होतं. "बैल छान उतरलाय," एवढंच बोलून तो नाक्याकडे गेला म्हणे.

आजही गावातला मुलगा फौजेत भरती व्हायला निघाला, की आई त्याला इथे आणते. त्याचा हात धरून त्या दगडी गोणीवर ठेवते. मग तो खाली फाट्यावर जाऊन एसटीची वाट बघतो.