रायाजी आणि गांधीलमाश्या

नदीकाठच्या एका वाडीत रायाजी नावाचा शेतकरी त्याच्या आईबरोबर राहत होता. आईचे नाव तानूबाई. तिचे गुडघे धरलेले असत, त्यामुळे कुणी हात दिल्याशिवाय तिला उठता येत नसे.

एकदा घराच्या भिंतीवर कुंभारणींनी मातीची घरे बांधली. कुंभारीण म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक कमरेची काळसर माशी. ती एकटीच चिखल वाहते आणि उगाच कुणाला डंख करत नाही. रायाजीने ती सगळी घरे खुरप्याने खरवडून टाकली, आतल्या अळ्या पायाखाली चिरडल्या आणि पारावर जाऊन सांगितले, "गांधीलमाश्यांचा नायनाट केला. एक डंखसुद्धा लागू दिला नाही!"

लोकांनी वाहवा केली. रायाजीला ती फार गोड लागली.

पुढे गोठ्याच्या वळचणीला खरोखरच गांधीलमाश्यांनी पोळे केले. राखाडी, कागदासारखे, उलट्या छत्रीच्या आकाराचे. त्यावर पिवळ्या-तांबड्या माश्यांचा घोळका बसलेला असे. तानूबाईने ते पाहिले तेव्हा ते लिंबाएवढेच होते.

"लेकरा, ह्या त्या नव्हेत," ती म्हणाली. "एकीला डिवचलंस तर सगळ्या उठतील. पोळं लहान आहे तोवर जाणत्या माणसाला बोलाव. तो अंधार पडल्यावर अंग झाकून, धूर करून काढील. तोवर गुरं दुसरीकडे बांध."

"आये, पारावर कळलं तर लोक हसतील मला," रायाजी म्हणाला. त्याने कुणालाही बोलावले नाही. पोळे वाढत वाढत ताटाएवढे झाले.

एका दुपारी शेजारची साळूबाई म्हणाली, "रायाजी, माश्या आमच्या अंगणात यायला लागल्या. तू तर त्यांचा काळ ना? मग हे पोळं कसं राहिलं?"

आजूबाजूचे लोक कुंपणाशी जमले. ते पाहून रायाजीने लांब बांबू उचलला. ऊन कडक होते आणि माश्या जागत्या होत्या. तानूबाई अंगणात तूर पाखडत बसली होती.

"अरे, आधी मला तरी आत घे!"

"बस गं, आत्ता होतंय," म्हणत त्याने बांबू हाणला.

अर्धे पोळे तुटून खाली पडले आणि माश्यांचा लोट उठला. कुंपणाशी जमलेले लोक पळत सुटले. पहिला डंख रायाजीच्या कानाला बसला. त्याने बांबू टाकला, घरात धाव घेतली आणि आतून कडी लावली.

बाहेरून आईची हाक आली. "रायाजी, दार उघड! रायाजी!"

तो दाराला पाठ लावून उभा राहिला. हाक ऐकू येत होती, पण हात कडीकडे गेला नाही.

शेवटी साळूबाईच डोक्यावरून घोंगडी घेऊन धावली. तिने तानूबाईला घोंगडीत गुंडाळले आणि ओढत आपल्या घरात नेले. म्हातारीचा चेहरा ओळखू येत नव्हता, श्वास अडकत होता. वैद्याने रात्रभर बसून तिला वाचवले, पण एक डोळा गेला.

सकाळी रायाजी साळूबाईकडे आला. तिच्या घरात चारचौघे बसले होते. कुणी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "वाऱ्यानं दार लागलं. कडी अडकली. मी किती खटपट केली!"

सगळ्यांनी तानूबाईकडे पाहिले. आदल्या दुपारी झाडाचे पानही हलले नव्हते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

"हो," तानूबाई हळूच म्हणाली. "वाराच असेल."

रायाजीचा जीव भांड्यात पडला. त्याने आईला हात धरून घरी नेले. पुढे ती बरीच वर्षे जगली. उठायचे झाले की ती कुंपणापलीकडे पाहून साळूबाईला बोलवी. घरातच असलेल्या रायाजीला मात्र तिने पुन्हा कधी हाक मारली नाही.

तात्पर्य: निरुपद्रवी जिवांना चिरडून जो शूर म्हणवून घेतो, तो खऱ्या धोक्याला ओळखत नाही आणि वेळीच जाणत्याची मदतही घेत नाही, त्याच्या बढाईचे डंख मात्र त्याच्यावर विसंबलेल्यांना सोसावे लागतात.