आपापला हात

भावाने परजातीतली मुलगी केली म्हणून वैजयंताच्या घराला जातपंचायतीने वाळीत टाकलं. तिच्या आईशी कुणी बोलेना. कॉलेजात समाजमानसशास्त्र शिकताना वैजयंताला एक गोष्ट पटली होती: पुष्कळदा नियम कुणालाच नको असतो, पण बाकीच्यांना तो हवाच आहे असं समजून जो तो गप्प बसतो. पुढची सभा भरली, तेव्हा ती आईला घेऊन तडक तिथे गेली.

"हा बहिष्कार अख्ख्या समाजाला हवाय!" मुख्य पंच धोंडीराम गरजले.

"मग कौल घ्या, काका. सगळे डोळे मिटतील. बहिष्कार हवा असेल त्याने हात वर करायचा. बघायचं फक्त तुम्ही."

सगळ्यांनी डोळे मिटले. धोंडीरामांनी सभेवरून नजर फिरवली. एकही हात वर नव्हता. त्यांनी घसा खाकरला आणि ठोकून दिलं, "सगळ्यांचे हात वर आहेत!"

वैजयंता ठामपणे म्हणाली, "डोळे मिटलेले होते, काका. पण आपला हात कुठे होता, हे ज्याचं त्याला ठाऊक आहे."

मग बायकांतून म्हातारी भागूबाई उठली आणि वैजयंताच्या आईला खेटून बसली.

"माझा तर बाई मांडीवरच होता," ती म्हणाली.

"माझाही," मागून कुणीतरी बोललं, आणि मग धोंडीरामांना कुणी बोलूच देईना.