पगारी खेळाडूची तसबीर

एकदा एका गावात असा एक खेळाडू होऊन गेला, ज्याने फुटबॉलला लाथ मारण्याचा पगार मागितला. काळ जुना होता. पेठापेठांतल्या तालमींचे संघ होते आणि तालमीसाठी खेळणे ही सेवा मानली जाई. पगाराची गोष्ट ऐकताच पेठेने त्याला ‘विकला गेलेला’ ठरवले. तो म्हणाला, "देवाचा पुजारीसुद्धा शिधा घेतोच की!" आणि शहरातल्या एका संघाकडे निघून गेला. तिथे त्याने नाव काढले. मग त्याच पेठेने त्याची तसबीर तालमीत मारुतीशेजारी लावली. आपली माणसे अशीच. आधी दार लावतात आणि मग हार घेऊन उभी राहतात.

गुडघे निकामी झाल्यावर तो गावी परतला आणि वर्तमानपत्रात सामन्यांची वर्णने लिहू लागला. पेठ आता त्याला अण्णा म्हणे. सामन्याला निघताना संघातली पोरे आधी मारुतीच्या आणि मग अण्णांच्या तसबिरीच्या पाया पडत. म्हाताऱ्याला याचे मोठे सुख होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्याच पेठेतला एक तरुण शिष्य त्यांच्या हाताखाली बातमीदारी शिकत होता. एका वर्षी अंतिम सामना तालमीने जिंकला, पण विजयी गोल हाताने ढकललेला होता. पंचांना ते दिसले नाही. गोलजाळीमागे बसलेल्या या दोघांना स्वच्छ दिसले. शिष्याने बातमीत लिहिले, ‘अप्रतिम गोल’. अण्णांनी ते शब्द खोडले आणि लिहिले, ‘चेंडू हाताने ढकलला’.

बातमी छापून आली आणि पेठ पेटली. संध्याकाळी तालमीतून अण्णांना बोलावणे आले; शिष्यही सोबत गेला. संघाचा खर्च उचलणारा व्यापारी मधोमध बसला होता.

"अण्णा, उद्या चूक झाली म्हणून छापा. न्हाईतर तुमची तसबीर हितं ऱ्हाणार न्हाई."

"मी डोळ्यांनी बघितलंय."

"डोळ्यांचं काय घेऊन बसलाय? पगार घेऊन खेळलेला माणूस तुम्ही. आकडा सांगा, विषय मिटवू."

पोरे हसली. अण्णांनी कोपऱ्यातले बाकडे ओढले आणि ते दुखऱ्या गुडघ्यांनिशी त्यावर चढले. शिष्य धरायला धावला, तर त्याचा हात झटकला. स्वतःची तसबीर स्वतःच उतरवून त्यांनी ती व्यापाऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"घ्या. आता काय उतरवणार?"

अण्णा बाहेर पडले.

रस्त्यात शिष्याने त्यांना गाठले. "अण्णा, हे काय केलंत? चार पोरं तुमच्या बाजूची होती. त्यांनी तसबीर काढू दिली नसती."

अण्णा थांबले. "अरे, पगार मी राजरोस घेतला. सामना संपेपर्यंत पाय संघाचे, शिट्टी वाजली की मी माझा. त्यात लाज कसली? पण काल तुझे शब्द खोडताना माझा हात अडखळला. आधी ती तसबीर डोळ्यांपुढं आली, मग सामना आठवला. तेव्हा कळलं, हासुद्धा पगारच आहे, आणि हा मी स्वतःपासून चोरून घेतोय. म्हणून आज बंद केला." मग त्यांनी शिष्याकडे रोखून पाहिले. "माझी तसबीर तरी होती. तुझं काय लागलं होतं रे तिथं, ‘अप्रतिम’ लिहायला?"

"पेठेतच ऱ्हायचंय ना, अण्णा."

"मग ताठ ऱ्हा."

मान उघड दिला जातो, त्याची किंमत मात्र न सांगता वसूल होते, हे शिष्याला त्या दिवशी समजले. दुसऱ्या दिवशीच्या अंकात तो गोल कसा झाला, ते त्याने स्वतःच्या नावाने पुन्हा लिहिले. संध्याकाळी मागच्या बोळाने न जाता तो तालमीच्या दारावरूनच घरी निघाला. आतून एक शिवी आली. तो थांबला, शिवी देणाऱ्याच्या नजरेला नजर देऊन उभा राहिला, आणि समोरच्याने मान खाली घातल्यावर शांतपणे पुढे गेला.